नव्या मोशन कंट्रोलरचा माल आधीच भरून ठेवावा का?

प्रश्न – सुदामानगरकर

नमस्कार. इंदूरच्या सुदामानगरात माझे छोटे गेमिंग पार्लर आहे आणि त्याला जोडूनच साहित्यविक्रीचे काउंटर आहे. एका कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून खेळायच्या गेम-यंत्रासाठी) नवा मोशन कंट्रोलर, म्हणजे हाताच्या हालचालीने खेळ चालवणारे साधन, लवकरच येत आहे. आमचे वितरक सांगतात की पहिल्या खेपेनंतर तीन-चार महिने माल मिळणार नाही, तेव्हा आताच बयाणा देऊन वीस नग राखून ठेवावेत. पार्लरसाठी मला दोन पुरेत. उरलेले अठरा विकायचे. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाकरिता बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागेल, म्हणून विचारतो : सुरुवातीची टंचाई ही टिकाऊ मागणीची खूण मानता येते का?

प्रतिसाद १ – रामबागवासी

तशी ती मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनी किंमत आधीच जाहीर करते आणि मागणी वाढली तरी ती सहसा वाढवत नाही. त्यामुळे मागणी-पुरवठ्यातील तफावत भावात न दिसता रिकाम्या फळ्यांवर दिसते. फळी रिकामी का झाली, गिऱ्हाईक फार आले म्हणून की खेपच लहान होती म्हणून, हे दुकानात उभे राहून कळत नाही.

निन्टेन्डोचा वी हा हालचालीने खेळायचा कन्सोल नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेत आला. वर्षभराने, महिन्याला सुमारे 18 लाख यंत्रे तयार होत असतानाही, तेथील दुकानांत तो सहज मिळत नव्हता. ती मागणी टिकली आणि एकूण विक्री 10 कोटींच्या पुढे गेली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलला जोडायचा, अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा म्हणजे किनेक्ट. त्याची सुरुवात तर याहून वेगवान होती : 4 नोव्हेंबर 2010 पासून पहिल्या 60 दिवसांत 80 लाख नग खपले आणि गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. पुढे मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये एक्सबॉक्स वन या नव्या कन्सोलसोबत किनेक्ट घेणे सक्तीचे केले, आणि जून 2014 मध्ये तो वगळून किंमत 499 वरून 399 डॉलर करताच अमेरिकेतील त्या कन्सोलची विक्री आधीच्या महिन्याच्या दुपटीहून अधिक झाली. 2017 मध्ये किनेक्टचे उत्पादनच थांबले. पहिल्या दोन महिन्यांतील गर्दी खरीच होती, परंतु त्याच्यावाचून खेळताच येणार नाहीत असे चांगले खेळ पुरेसे आले नाहीत. शिवाय दोघांना खेळण्यासाठी समोर सुमारे आठ फूट मोकळी जागा लागे. आपल्याकडच्या किती दिवाणखान्यांत ती सापडेल?

प्रतिसाद २ – जेलरोडचा दुकानदार

रामबागवासींचे म्हणणे मला बव्हंशी पटते, पण एक उदाहरण उलटेही आहे. सोनीचा मूव्ह हा मोशन कंट्रोलर 2010 मध्येच आला आणि पहिल्या दोन-अडीच महिन्यांत 41 लाख नग गेल्याचे कंपनीने सांगितले; मात्र तो आकडा दुकानदारांकडे गेलेल्या मालाचा होता, घरोघरी पोहोचलेल्या मालाचा नव्हे. माल पाठवला आणि माल खपला, यांतला फरक आम्ही दुकानदारच विसरतो, याचे मला वाईट वाटते. पुढे मागणी थंडावली, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर हा डोळ्यांवर चढवून खेळायचा संच आल्यावर त्याच मूव्हची पुन्हा चणचण भासली, कारण व्हीआरच्या अनेक खेळांना तो हवा होता. जोडीची वस्तू आली की तिच्या बळावर मागणी उठते, हाच त्यातला धडा. सहा वर्षे भांडवल अडकवून बसणे तुम्हा-आम्हाला परवडणारे नाही.

म्हणून वितरकाचा अंदाज बाजूला ठेवा आणि तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांच्या घरी तो कन्सोल आहे, हे आधी मोजा. जे घेतो म्हणतात त्यांच्याकडून थोडा बयाणा घ्या. नुसत्या होकारावर माल मागवून मी स्वतः एकदा फसलो आहे. दिवाळीसाठी आणलेले स्टिअरिंग व्हील पुढच्या दिवाळीपर्यंत पडून होते.

सुदामानगरकर

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आठवडाभर काउंटरवर वही ठेवली होती. कन्सोल असलेले तेवीस जण निघाले. त्यांपैकी अकरा जणांनी कंट्रोलर हवा असे सांगितले आणि प्रत्यक्ष बयाणा पाच जणांनी दिला. म्हणून पार्लरचे दोन धरून सात नग सांगितले आहेत. वितरक दहाच्या खाली यायला तयार नव्हते, तेव्हा रामबागेतील एका दुकानदाराला तीन नग घ्यायला राजी केले. मुलीच्या पैशांना हात लावावा लागला नाही.