वारीतली करुणा मैला उचलणाऱ्यापर्यंत पोचते का?

धागाकर्ती: 'जे का रंजले गांजले' पाठ नाही असा वारकरी सापडायचा नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालख्या परतीला लागतात आणि मागे उरलेली घाण काढायला दुसरी माणसं उतरतात. हातानं मैला उचलायला लावणं १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. तरी पंढरपूरचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. तिथं दाद मागायला दिंड्या का गेल्या नाहीत?

दिंडीकरी: ताई, हा अन्याय आहे. वाटेवरच्या गावात एकदा येऊन बघा. ज्याचं स्वतःचं पोट पावसावर आहे तो माणूस टोपलीभर भाकरी आणि पिठलं घेऊन रस्त्याला उभा असतो. न्हावी फुकट दाढ्या करतात, चांभार चपलेचा तुटलेला अंगठा शिवून देतात आणि पैसे पुढे केले तर हात जोडतात. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. याहून मोठी करुणा कुठली? संडास बांधणं नगरपालिकेचं काम. त्याचा दोष भाविकांच्या माथी कशाला?

धागाकर्ती: भाकरी देणाऱ्यांना माझाही नमस्कार. पण तेल चोळलं जातं ते वारकऱ्याच्या पायाला, कारण त्याच्यात विठ्ठल दिसतो. खराटा घेतलेल्या माणसात का दिसत नाही? चोखोबांचे अभंग आपण गातो, त्यांची समाधी मात्र महाद्वाराबाहेर. दलितांना मंदिरात घ्या म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. अडवणारे काही नास्तिक नव्हते, रोज काकडआरती ऐकणारेच होते.

सोलापूरकर: मग साने गुरुजी कोण होते? देव मानणारेच ना? गाडगेबाबा 'गोपाला गोपाला' म्हणत कीर्तन करायचे, हातात झाडू घेऊन गावं झाडायचे. ज्यांना पंढरपुरात कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. म्हणजे धर्मानं दगडही दिले आणि पाझरही. तुम्ही फक्त दगड मोजताय.

धागाकर्ती: गाडगेबाबांचा फोटो प्रत्येक शाळेत आहे. झाडू मात्र अजून त्याच जातींच्या हातात आहे.

एक वाचक: माझे मामा एका तीर्थक्षेत्री सफाईला होते. यात्रेत त्यांना खराटा, पाटी आणि ब्लीचिंग पावडर मिळायची. हातमोजे मागितले की 'पुढच्या वर्षी बघू'. भंडारा असायचाच, पण यांना पंगतीत बसवत नसत, पत्रावळ बाहेर आणून देत. पाणी वरून ओंजळीत. वाढणारे वाईट नव्हते, 'पोटभर जेवा हो' म्हणून आग्रह करायचे. मामांना त्या आग्रहाचाच जास्त त्रास व्हायचा. ते देव मानत, पण त्यानंतर महाप्रसादाला कधी बसले नाहीत.

दिंडीकरी: हे वाचून वाईट वाटलं. तरी एक सांगतो, आता पुष्कळ बदललंय. पंढरपुरात नदीकाठच्या पासष्ट एकर मैदानात तळ पडतो, फिरती शौचालयं असतात, आमच्या दिंडीत उघड्यावर बसणाऱ्याला आम्हीच टोकतो. सगळ्या वारकऱ्यांना निर्दय ठरवलेलं मला मान्य नाही आणि होणारही नाही.

धागाकर्ती: निर्दय मी कुणालाच म्हटलेलं नाही. तुमची दिंडी भिशी, म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी, गोळा करते, त्यात तंबू, ट्रक, आचारी यांचा हिशेब असतो. तळ उठल्यावर तिथं काम करणाऱ्यांच्या हातमोज्यांचा आणि बुटांचा खर्च त्यात का नसावा?

दिंडीकरी: नसावा असं कुणी म्हटलं नाही, कुणी विचारलंच नव्हतं. बैठकीत मांडतो. पण बूट पुरवायची कायद्यानं जबाबदारी ज्यांची आहे, त्यांना सोडू नका.

एक वाचक: माउली, बूट द्याल तेव्हा पंगतीतही बसवा. सगळ्यांबरोबर, त्याच ओळीत.