सिस्मिक सर्वेला जमिनीत येऊ द्यायचं तर पैसे किती मागायचे?

बांधकरी: सर्वे कंपनीसाठी मालकांच्या सह्या घेणारा परमिटवाला घरी येऊन गेला. तेलाच्या शोधासाठी थ्रीडी सर्वे आहे, म्हणजे जमिनीला हादरे देऊन खालच्या खडकाचं चित्र काढायचं; ४० एकरांतून जिओफोनच्या (परतलेले हादरे टिपणाऱ्या यंत्रांच्या) लाइनी आणि हादरे देणाऱ्या कंपनाच्या गाड्या जाणार, एकरी ठरलेला रेट एकदाच मिळणार, "सगळ्यांना हाच आहे, सही करा". मला वाटतं ही नुसती आत यायची फी झाली, पिकाचं, कुंपणाचं, विहिरीचं नुकसान वेगळं मिळायलाच हवं. एक एक गाडी वीस-पंचवीस टनांची असते, ओल्या रानात गेली की चाकोऱ्या गुडघाभर पडतात आणि दाबलेल्या मातीत पुढची दोन-तीन वर्षं पीक धड येत नाही.

सरळमार्गी: एवढं ताणू नका राव. बारक्या तुकड्यासाठी कोणी अडून बसत नाही, शेजारच्या जमिनीवरून शॉट, म्हणजे हादरा, घेतात आणि तुमच्या खालच्या खडकाचं चित्र तरीही येतं, कारण लाट परत फिरते ती शॉट आणि जिओफोनच्या मधल्या जागेखालून. तुम्ही नाही म्हणालात तर पैसे शेजाऱ्याला, तुम्हाला शून्य.

बांधकरी: बारक्या तुकड्याचं पटलं, पण मोठी सलग जमीन मधोमध असेल तर डेटात भोक पडतं, तिथे रेट वाढवून घेता येतो. आणि तो डेटा कंपनी पुढे लायसन्सवर अनेकांना विकू शकते, मालकाला त्यातलं काही नाही, हे मला खरंच टोचतं.

खोलवर: दोघांचंही अर्धं बरोबर. आधी खाली खनिज कोणाचं ते बघा. टेक्सससारख्या ठिकाणी वरची जमीन एकाची आणि खनिज दुसऱ्याचं असू शकतं, मग खनिजवाल्याने हो म्हटलं तर वरच्याला सहसा अडवता येत नाही. ब्रिटनमध्ये १९३४ च्या कायद्याने तेल राजसत्तेचं, म्हणजे जमीनमालकाने मागायचं ते येण्याजाण्याचं आणि नुकसानीचं. मोजमापही सारखं नसतं, थ्रीडीला एकरावर, टूडीला (सुट्या लाइनींवरच्या सर्वेला) लाइनच्या लांबीवर, बोर पाडून डायनामाइटने हादरा देणार असतील तर बऱ्याचदा प्रत्येक बोरमागे. ते बोर नीट बुजवून देणार हे कागदावर घ्या.

सरळमार्गी: कागदावर घ्या हे मान्य. पण पोराबाळांना सांगत बसू नका की यातून घर बांधू, ही रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या तेलातला वाटा, नाही, एकदा मिळाले की संपलं.

बांधकरी: घर बांधायचं कोणी म्हटलंय. आज तोच कागद परत वाचला तर चौथ्या पानावर, परमिटमध्येच, पुढे ड्रिलिंगसाठी जमीन लीजवर घ्यायचा ऑप्शन घुसवलाय, तोही त्याच एकरी फीत. ते कलम खोडा, सर्वेआधी विहिरीचं पाणी तुमच्या खर्चाने तपासा आणि पाऊस झाला तर वाफसा होईपर्यंत गाड्या आणू नका, एवढं लिहून द्या म्हणून सांगितलंय. रेट आहे तोच राहू दे म्हटलं, तरी तो "साहेबांना विचारतो" म्हणून गेलाय.

खोलवर: विहिरीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय पेन उघडू नका.