शाळेसाठीच्या टॅक्सला विरोध करणं चूक आहे का? ताई कॅलिफोर्नियात, बाबा नागपुरात, मी मधात

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार मंडळी. थोडं लांब आहे पण वाचा, दोन आठवड्यांपासून घरी हाच एक विषय चालू आहे आणि काल रात्री बाबा ताटावरून उठून गेले.

माझी मोठी ताई कॅलिफोर्नियात राहते, बे एरियात. तिथली सिटिझन आहे, दोन्ही पोरं सरकारी शाळेत जातात. तिकडे शाळांचं वेगळं डिस्ट्रिक्ट असते, त्याचं लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असते. त्या बोर्डानं ठराव केला की दर प्रॉपर्टीमागे वर्षाला ३९८ डॉलर जास्तीचा टॅक्स घ्यायचा, आठ वर्षं. पार्सल टॅक्स म्हणतात, पार्सल म्हणजे टॅक्सच्या नोंदीतली एक प्रॉपर्टी. यासाठी लोकांचं मत घ्यावं लागते, ते पण नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीसोबत नाही, मधातच, स्पेशल इलेक्शन लावून. ताई विरोधात आहे. नुसती स्वतःपुरती नाही, गल्लीतल्या चारपाच घरांना धरून विरोधाचं काम करून राहिली.

बाबा ३४ वर्षं मास्तर होते. ते व्हिडिओ कॉलवर तिला सरळ म्हणाले, "मास्तरच्या पगारावर तुझी चूल पेटली आणि तू शाळेच्या पैशाला नाही म्हणतेस?" ताई एक मिनिट काही बोललीच नाही. मग तिनं घरी टपालानं आलेलं एक कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. गुळगुळीत कागद, लॅबमधे हसणारी पोरं, मोठ्या अक्षरात "आपले शिक्षक टिकवा". पैसा कुठं जाणार यावर एकच ओळ, विज्ञान, वाचन "आणि इतर कार्यक्रम". ती म्हणे, बाबा, हे 'इतर' म्हणजे काय ते मी बोर्डाच्या दोन मीटिंगमधे उभी राहून विचारलं, कोणी सांगितलं नाही.

मला दोघंही पटतात, तोच त्रास आहे. तिकडे राहिलेले कोणी असाल तर सांगा हा टॅक्स नेमका चालतो कसा, आणि विरोध केला तर शाळेचं खरंच नुकसान होते का.

परत_आलो_धरमपेठेत

भाऊ मी ११ वर्षं तिकडे होतो, दोनदा असं मतदान झालं, एकदा हो दिलं आणि एकदा नाही, त्यामुळे सांगू शकतो.

पहिले मुळापासून. १९७८ च्या जूनमधे कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १३ पास झालं, म्हणजे लोकांच्या थेट मतदानानं आलेला कायदा. त्यानं घराचा मूळ टॅक्स किमतीच्या एक टक्क्यावर बांधला, आणि ती किंमत म्हणजे तुम्ही घर ज्या भावात घेतलं ती, वर्षाला फार तर दोन टक्के वाढवता येते. म्हणून एकाच गल्लीत सारखीच दोन घरं, एक ४० वर्षांपूर्वी घेतलेलं आणि एक आत्ताआत्ता घेतलेलं, दोघांच्या टॅक्समधे जमीनअस्मानाचा फरक असतो. ताईनं अलीकडं घर घेतलं असेल तर ती आधीच शेजारच्या जुन्या माणसाच्या कितीतरी पट भरत असेल, हे बाबांना माहीत नसणार.

त्या कायद्यानंतर स्थानिक शाळांच्या हातात फारसं काही उरलं नाही, पैसा जास्त करून राज्याकडून येतो, तोही पोरांच्या सरासरी हजेरीवर. घरं महागली, जोडपी दूर राहायला गेली, पोरं कमी झाली की पैसा कमी. पण वर्ग तेवढेच, छप्पर तेवढंच, बस तेवढीच. त्यात कोविडच्या वेळी केंद्राकडून आलेला पैसा होता त्याची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली, आणि ज्या डिस्ट्रिक्टनी त्या पैशावर कायमची माणसं घेतली होती ते अडकले. म्हणजे बोर्ड खोटं बोलते असं नाही, ओढाताण खरीच आहे.

पण पार्सल टॅक्समधे एक गोष्ट मला तेव्हाही खुपली, आत्ताही खुपते. तो किमतीवर नसतो. दोन खोल्यांचा फ्लॅट असो नाहीतर टेकडीवरचा बंगला, एक पार्सल म्हणजे एक आकडा. काही ठिकाणी चौरस फुटावर लावतात, ते तरी बरं, पण ३९८ म्हणजे सरसकट दिसते. नवीन फ्लॅट घेतलेली नर्स आणि मोठ्या मॉलचा मालक, दोघांना एकच बिल. ६५ वर्षांवरच्या लोकांना सूट ठेवता येते, पण बहुतेक ठिकाणी ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. ताईला विचारा ठरावात ती सूट आहे का.

आता मतदानाचं. बोर्डानं आणलेल्या पार्सल टॅक्सला दोनतृतीयांश मतं लागतात. ऐकायला खूप वाटते, पण ती मतं झालेल्या मतदानाची. मधातच्या निवडणुकीत कमी लोक मत देतात, मतपत्रिका टपालानं येते, कितीतरी घरी जाहिरातींच्या कागदांसोबत कचऱ्यात जाते. मत देतात ते ज्यांना आधीच ठरवून द्यायचं असते ते. आणि या वेगळ्या निवडणुकीचा खर्च काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, त्या शाळांच्या डिस्ट्रिक्टकडूनच वसूल करते, म्हणजे शाळेच्याच पैशातून जातो. म्हणून "नोव्हेंबरमधे आणा" हे म्हणणं शाळेच्या विरोधातलं नाही, उलट शाळेचा पैसा वाचवणारं आहे.

आणि एक, ते गुळगुळीत कार्ड कोणी पाठवलं ते बारीक अक्षरात बघा. सरकारी पैशातून प्रचार करता येत नाही, फक्त माहिती देता येते, हे कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं १९७६ मधेच सांगून ठेवलं आहे. पालकांच्या समितीनं स्वतःच्या वर्गणीतून छापलं असेल तर त्यांचा हक्क आहे.

बर्डीची_निवृत्त_बाई

मी तुमच्या बाबांच्या बाजूनं बोलणार आहे, रागावू नका.

तिथं दोनतृतीयांश लागतात असं वरच्या दादांनी लिहिलं. म्हणजे १०० लोकांनी मत दिलं आणि ६६ लोक हो म्हणाले तरी टॅक्स पडला. ३४ जणांनी ६६ जणांना थांबवलं. विरोध करणाऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल तर त्यानं किती विचार करून ती वापरावी? मी २९ वर्षं शिकवलं. पावसाळ्यात खिडकीकडची ओळ मधे सरकवायची, तीन पोरं एका बाकावर, पाट्या डोक्यावर धरून बसायची. तेव्हा दुरुस्तीचा पैसा पुढच्या वर्षी येईल असं दर वर्षी ऐकलं. पहिलीतलं पोरगं पुढच्या वर्षी दुसरीत जाते, त्याची पहिली परत येत नाही. "आत्ता नको, नीट आणा मग देऊ" म्हणणं मोठ्यांना सोपं असते, पोरांना नाही.

तुमच्या ताईला एवढंच विचारा, हा टॅक्स पडला तर त्या वर्षी तिच्या पोरांच्या शाळेत काय बंद होईल हे तिनं माहीत करून घेतलं का? घेतलं असेल आणि तरी विरोध असेल तर माझं काही म्हणणं नाही.

गांधीबाग_गाळा_नं_७

मी कापडवाला माणूस, अमेरिका मले माहीत नाही, पण टॅक्सचं बिल माहीत आहे.

तुमच्या घरचं मनपाचं मालमत्ता कराचं बिल काढा आत्ता. एकच रक्कम दिसते पण खाली वाचा, सामान्य कर, मलनिस्सारण, रस्ता, वृक्ष, अग्निशमन असं काय काय असते, आणि त्यातच शिक्षण कर. एक मनपाचा, दुसरा राज्य सरकारचा. हा राज्याचा १९६२ च्या कायद्यानं आला. घराला करयोग्य मूल्याच्या २ ते ६ टक्के, आणि आमच्यासारख्या दुकानवाल्याले त्याच्या दुप्पट, १२ पर्यंत, वरून रोजगार हमीचा कर वेगळा. मनपा तो फक्त गोळा करते आणि राज्याकडे भरते. नाही भरला तं महिन्याले दोन टक्के शास्ती चढते.

आता सांगा, यातल्या कोणत्या ओळीसाठी तुमच्या बाबाले कोणी विचारलं होतं, हो का नाही? मनपाचे दर महासभेत ठरतात, आपण नगरसेवक निवडून देतो तेवढंच. मार्च २०२२ नंतर तं कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, सारं तोच ठरवे. तुमच्या ताईले निदान घरी कागद येते की बाई तुझं मत सांग. जिथं विचारतात तिथं बोलाव. न बोलता देणारे आपण आहोच इकडं.

मी शिक्षण कर आनंदानं भरतो, खरं सांगतो. माह्या पोराची शाळा त्याच्यावर चालत नाही, पण माह्या दुकानातल्या पोऱ्याची बहीण मनपाच्या शाळेत जाते. मले फक्त कोणी दाखवाव की या गल्लीतून एवढा आला आणि त्या शाळेत एवढा गेला. आजपर्यंत पाहिला नाही तो कागद.

परत_आलो_धरमपेठेत

बाईंचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच एक कामाची गोष्ट सांगतो जी मघाशी राहिली. मतदारांना जी पुस्तिका जाते त्यात टॅक्सच्या बाजूचा आणि विरोधाचा मजकूर छापतात. विरोधाला ३०० शब्द, खाली जास्तीत जास्त पाच सह्या. मग एकमेकांना उत्तर द्यायला २५० शब्द. काउंटीच्या निवडणूक कार्यालयात मुदतीत द्यावा लागतो, आणि ही मुदत फार लवकर संपते, मतपत्रिका यायच्या कितीतरी आधी. कोणी दिलाच नाही तर पुस्तिकेत एकच बाजू छापून येते. गल्लीत फिरण्याआधी ताईला ते करायला सांगा. आणि त्या ३०० शब्दांत "टॅक्स नको" एवढंच लिहू नका, काय असेल तर हो म्हणू ते लिहा.

मानेवाडा_रिंगरोड

सगळ्यांचे खूप आभार. काय झालं ते सांगतो.

बाईंचा प्रश्न मी ताईला जसाच्या तसा पाठवला. तिनं आधी माहीत करून घेतलं नव्हतं, तसं तिनं कबूल केलं. मग पोरांच्या प्रिन्सिपलला जाऊन भेटली. लायब्ररीच्या बाईंचे तास अर्धे होतील आणि वाचनात मागं पडलेल्या पोरांचा एक वेगळा वर्ग आहे तो बंद होऊ शकतो असं कळलं. ती दोन दिवस गप्प होती. तरी विरोध सोडला नाही, पण आता तिचं म्हणणं बदललं: नोव्हेंबरमधे आणा, चौरस फुटावर लावा, ६५ वरच्यांना सूट लिहून द्या, आणि त्या दोन गोष्टींसाठी किती पैसा ते ठरावातच टाका, 'इतर' काढा. असं आणलं तर ती स्वतः हो साठी फिरणार, हेही तिनं मजकुरात लिहिलं.

मुदत आठ दिवसांवर आहे. काल संध्याकाळी तिनं तो मजकूर वाचून दाखवला, मी बाबांना एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. बाबा ऐकून म्हणाले, १९८६ मधे आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यासाठी लोकवर्गणी केली होती, तेव्हा हेडमास्तरांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज लिहायला लावलं होतं, आज अमक्याकडून ११ रुपये, आज सिमेंटच्या चार पोत्या, शिल्लक एवढी. कोणी कमी दिले म्हणून वाईट वाटलं नाही, पण ज्या दिवशी फळा पुसलेला राहिला त्या दिवशी लोक येऊन विचारायचे, आणि आम्ही सांगायचो. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मग चष्मा लावून मोबाईल स्वतःच्या हातात घेतला आणि ताईला म्हणाले, तुझं पहिलं वाक्य काढ, त्यात बोर्डाला लोभी म्हटलं आहेस, ते मास्तर लोक आहेत, लोभी नाहीत. ताईनं काढलं. २९१ शब्द झाले आता.

पाच सह्यांपैकी चार झाल्या आहेत. पाचवी शेजारच्या एका रिटायर्ड टीचरची हवी आहे, ती अजून विचार करून राहिली.