व्हिक्टोरियन वर्कहाउसमधील मनोरुग्ण : कायदा असूनही ते तिथेच का राहिले?

जिज्ञासू :
इंग्लंडमधील १८३४ च्या गरीब कायद्यानुसार धोकादायक मनोरुग्णाला वर्कहाउसमध्ये (निराधारांना आसरा देऊन त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या सार्वजनिक संस्थेत) १४ दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवण्यास मनाई होती. १८४५ मध्ये तर प्रत्येक काउंटीवर (जिल्ह्यावर) मनोरुग्णालयाची सोय करण्याचे बंधन आले. तरीही पुढची कित्येक दशके हजारो मनोरुग्ण वर्कहाउसमध्येच आढळतात. हे कसे चालू शकले, आणि तिथे त्यांचे दिवस कसे जात असत?

जुनी_दप्तरे :
मनाई फक्त धोकादायक रुग्णांपुरती होती, हे ध्यानात घ्यायला हवे. जो कोणाच्या अंगावर धावून जात नाही, मुकाट्याने कोपऱ्यात बसून राहतो, त्याला वर्षानुवर्षे तिथेच ठेवण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. शिवाय मनोरुग्णालयात पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचा आठवड्याचा खर्च त्याच्या भागातील करदात्यांवर पडे आणि तो वर्कहाउसच्या खर्चापेक्षा बराच जास्त असे. कर वाढू नये याकडे डोळे लावून बसलेल्या पालक मंडळांना, म्हणजे वर्कहाउस चालवणाऱ्या स्थानिक मंडळांना, शांत रुग्ण हलवण्याची घाई का असेल? परिणामी, ज्यांना वेळीच उपचार मिळाले असते तर गुण येण्याची शक्यता होती, तेच मागे राहिले, आणि ही बाब मला सर्वांत क्लेशदायक वाटते.

अवलोकन :
तिथल्या दिवसांविषयी लिहितो. मनोरुग्णांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयुक्तांनी १८५९ मध्ये वर्कहाउसविषयी स्वतंत्र अहवाल सादर केला आणि त्यात कडक ताशेरे ओढले. रुग्णांची शुश्रूषा बहुधा तिथल्याच दुसऱ्या निराधारांकडे सोपवलेली असे, ज्यांना ना प्रशिक्षण होते ना पगार. कोंदट खोल्या, उंच भिंतींआडचे चिंचोळे अंगण, पाव आणि पातळ पेज यांवर भागवलेले जेवण, आणि रुग्ण बिथरला की पट्ट्यांनी बांधणे किंवा कोठडीत एकटे कोंडणे. लंडनजवळच्या हॅनवेलच्या मनोरुग्णालयात तिथले डॉक्टर जॉन कॉनोली यांनी १८३९ पासून बांधून ठेवण्याची पद्धत बंद करून दाखवली होती, त्यामुळे दुसरा मार्गच ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही.

जिज्ञासू :
आभारी आहे. या अहवालानंतर परिस्थिती पालटली का?

जुनी_दप्तरे :
सरळ रेषेत नाही. मनोरुग्णालये भरून वाहू लागली, तेव्हा १८६२ च्या कायद्याने तिथले जुनाट पण निरुपद्रवी रुग्ण वर्कहाउसमध्ये परत धाडण्याची मुभा दिली. लंडनपुरता फरक पडला, कारण १८७० मध्ये लीव्हस्डन आणि कॅटरहॅम येथे अशा रुग्णांसाठी दोन प्रचंड संस्था उघडल्या. पुढे १८७४ मध्ये मनोरुग्णालयातील प्रत्येक गरीब रुग्णामागे सरकारी तिजोरीतून आठवड्याला ४ शिलिंग मिळू लागले. वर्कहाउसमधील रुग्णाला हे अनुदान लागू नसल्याने आता पालक मंडळांचा हिशेब उलटला आणि इतकी वर्षे जागचे न हललेले वृद्ध, शांत रुग्णही आधीच गच्च भरलेल्या मनोरुग्णालयांकडे रवाना होऊ लागले. त्यांच्या आजारात तोवर काहीही बदल झालेला नव्हता.