मोहाचं कॉकटेल: फुलाचा मान वाढतो की गावाचं नुकसान होतं?

मोहफूल_अर्जुनी

मी गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. सहा वर्षांपासून पुण्यात बारटेंडर आहे. मागच्या महिन्यात आमच्या बारच्या मेन्यूत मी पहिल्यांदा मोहाचं कॉकटेल ठेवलं. गावी फोन करून सांगितलं, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून हा धागा काढतोय.

आधी काय केलं ते सांगतो. मोहाच्या दारूचा वास उग्र. नवख्या माणसाला तशीच दिली तर तो ग्लास बाजूला सारतो. मी तिचा मिल्क पंच केला. मोहाची दारू, नागपुरी संत्र्याचा रस, लिंबू, साखर आणि अंबाडीच्या बोंडांचा अर्क एकत्र करून दुधात ओतलं. दूध लगेच फाटतं. घरी दूध नासलं की आई हळहळायची, इथे ते मुद्दाम नासवायचं. मग सुती कापडातून गाळायचं. पहिला गढूळ भाग त्याच चोथ्यावर परत ओतायचा आणि वाट पाहायची, घाई केली की बिघडलं. दुधातलं केसिन हे प्रथिन तुरटपणा आणि उग्रपणा धरून ठेवतं. खाली थेंब थेंब पडतं ते नितळ, अंबाडीमुळे जरासं गुलाबी. मोहाचा गोडसर वास मात्र तसाच राहतो. ही युक्ती आजची नाही, इंग्लंडात अठराव्या शतकात लोक असाच पंच करून ठेवायचे. 'पंच' हा शब्दही आपल्या 'पाच'वरून गेला असं बरेच जण मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला.

माझं म्हणणं एवढंच. मेक्सिकोतल्या खेड्यांतली मेस्काल आज जगभरच्या बारमध्ये मानानं बसते. आपल्या मोहाला 'गावठी' म्हणून नाक का मुरडायचं? २०१८ मध्ये गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांनी मोहाची दारू रीतसर बाटलीत आणली. डहाणूची 'सिक्स ब्रदर्स महुरा' ही मोहाचीच दारू आहे. मध्य प्रदेशानं तर तिला हेरिटेज मद्याचा दर्जा दिला. मग आपण विदर्भातले लोक मागे का?

कुरखेड्याची_ताई

दादा, तुमच्या हातात कला आहे, हे मान्य. आता माझं ऐका.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासोबत गावागावातल्या बायका उभ्या राहिल्या तेव्हा ती आली. आजही आमच्या गटातल्या बाया नाल्याकाठी पुरलेले ड्रम शोधून मोहसडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, सांडतात. एकदा मीही गेले होते. ड्रमचं झाकण काढलं, फेस वर आला, आणि तो वास दोन दिवस लुगड्यातून गेला नाही. सडवा लवकर उठावा म्हणून त्यात नवसागर टाकलेला होता. माझा सख्खा भाऊ अशीच पिऊन चौतिसाव्या वर्षी गेला. तुम्हाला गोड वाटतो तो वास मला नकोसा होतो.

आणि पुण्यातली गोष्ट पुण्यात राहत नाही. मोबाइलवर रील येते, धुराचा ग्लास, वर फुलाची पाकळी. यंदा आमच्याकडच्या एका लग्नात सतरा-अठरा वर्षांची पोरं मोहाच्या दारूत कोल्ड्रिंक ओतून 'कॉकटेल' म्हणून पीत होती. कायद्यानं या राज्यात अशा कडक दारूसाठी वय पंचवीस लागतं. त्या पोरांना आजपर्यंत पिण्याची लाज वाटायची. ती लाज तुमच्या मेन्यूनं काढून घेतली.

मोहफूल_अर्जुनी

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण नवसागर टाकलेली हातभट्टी आणि तपासून, मोजून गाळलेली दारू एकच कशी? आमच्या बारमध्ये माणूस एका ग्लासावर तासभर बसतो.

कुरखेड्याची_ताई

भाऊ पिऊन घरी यायचा तेव्हा वहिनीनं कधी विचारलं नाही की ती मोजून गाळलेली होती का.

वर्धेकर_७१

आमचा जिल्हा गांधीजींचा, बंदी तर तुमच्याही आधीची. तरी पाहिजे त्याला मिळते. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. निव्वळ बंदीनं सुटत असतं तर ती उठवायची वेळच आली नसती. राग पुण्याच्या ग्लासावर काढून उपयोग नाही.

कुरखेड्याची_ताई

काका, कागदावरची बंदी चालत नाही, हे मीही म्हणते. जिथे गाव जागं आहे तिथे चालते. ज्या गावात बायका दर आठवड्याला बसतात, तिथे विक्री बंद आहे, मी डोळ्यांनी पाहते. म्हणूनच दारूला प्रतिष्ठा देणारी प्रत्येक गोष्ट आम्हाला महाग पडते.

टोपली_धानोरा

तुमी दोघं भांडून राह्यले, पण फुल येचते कोण ते कोनी इचारलंच नाही.

माही माय चैतात पहाटे चारले उठते. झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवला राह्यते. काही लोकं पाला जाळतेत, अन् त्याच्यातूनच जंगलात वणवा लागते, ते चूक हाये. अंधारात फुल टपटप पडते. पिवळसर, रसानं भरलेलं, बोटाले चिकटते. दहा वाजेपावतर वाकून वाकून टोपली भरते. मंग अंगणात वाळू घालते, चार दिवसात मनुक्यासारखं काळं पडते. व्यापारी दारात येते. काटा त्याचा, भाव त्याचा. पावसाळ्यात आमच्या घरी पैसा नसते, तवा तेच फुल आमी जास्त भावानं इकत घेतो.

तुमच्या बारमधी एका ग्लासाले किती पैशे घेता, भाऊ? त्यातले माह्या मायले किती पोचते?

आमच्याच तालुक्यात मेंढा-लेखा हाये. त्या गावानं २००९ मधी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला अन् बांबू सोता इकला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोहफुलही आमचंच हाये. २०२१ मधी सरकारनं फुल गोळा करण्यावरचे अन् नेण्यावरचे निर्बंध उठवले. तरी भाव व्यापारीच ठरवते. मले दारू पाहिजेन का नाही पाहिजेन, हा वाद मंग. आधी ग्रामसभेनं फुल साठवाले गोदाम बांधावं.

मोहफूल_अर्जुनी

खरं सांगतो, आम्हाला बाटली येते, फूल कुठल्या गावचं हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. तुमचा प्रश्न मी पुरवठादाराला विचारतो. उत्तर आलं की इथेच टाकीन.

टोपली_धानोरा

इचारा. वाट पाह्यतो.

केटरर_दिग्रस

मी लग्नाचे काउंटर लावतो, तेव्हा दारूशिवायचंच बोलतो. हल्ली शहरातल्या चांगल्या बारमध्येही बिनदारूच्या पेयांचं वेगळं पान असतं, आणि त्यावर मेहनत तेवढीच घेतात. आपल्याकडे सामान भरपूर आहे. अंबाडीची बोंडं साखर आणि व्हिनेगरमध्ये मुरवली की आठवड्यात आंबट-गोड अर्क तयार, सोडा घातला की म्हातारी माणसंसुद्धा दुसरा ग्लास मागतात. बेल आहे, जांभूळ आहे, कैरी भाजून केलेलं पन्हं तर आहेच. मोहफुलाचा पाकही करतो. लिंबू, काळं मीठ आणि बर्फ घालून द्या, मोहाची खरी चव त्यात लागते, डोकं जाग्यावर राहून.

एक कळकळीची विनंती. धुरासाठी पोरं ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा ग्लासातच टाकतात. तो गिळला गेला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. धूर पाहिजे तर तुकडा बाहेरच्या भांड्यात ठेवा, प्यायच्या ग्लासात कधीच नको.

कुरखेड्याची_ताई

दादा, मोहाच्या पाकाची रीत सांगा ना. आमच्याकडे मोहाचे लाडू होतात, भाकरीतही घालतात, पण पाक कुणी केलेला नाही. आमच्या गटाला आठवडी बाजारात सरबताचं दुकान लावायचं आहे.

केटरर_दिग्रस

सुकी फुलं घ्या. आतले केसर काढून टाका, नाहीतर घसा खवखवतो. तीन-चार पाण्यानं धुवा, माती फार असते. फुलं बुडतील एवढ्या पाण्यात रात्रभर भिजवा, पण थंड जागी. उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवलं तर आंबायला लागतं, मग तुमचंच काम वाढेल. सकाळी मंद आचेवर उकळा, कापडातून पिळून घ्या आणि पुन्हा आटवा. साखर घालायची गरज नाही. चमच्याला चिकटायला लागलं की उतरवा आणि शेवटी लिंबू पिळा.

कुरखेड्याची_ताई

गुरुवारी बाजार आहे. @टोपली_धानोरा, पाच किलो सुकं फूल तुमच्या आईकडून घेऊ. भाव त्यांनीच सांगायचा.