गावाहून परत कधी निघायचं: शनिवारी की रविवारी संध्याकाळी?

कृष्णाकाठ
दिवाळी असो, यात्रा असो नाहीतर भावकीतलं लग्न. सातारा-सांगलीहून पुण्या-मुंबईला परतणारे बहुतेक जण रविवारी जेवून, चहा होऊन, चारच्या पुढं गाडी काढतात. माझं म्हणणं, ही सवय मोडा. शनिवारी दुपारी निघा आणि रविवार शहरातल्या घराला द्या.

आधी रस्त्याचं. सातारा-पुणे साधारण ११० किलोमीटर, मोकळा रस्ता असला तर दोन-सव्वादोन तास. रविवारी संध्याकाळी मात्र कोल्हापूर-सांगली-कराडच्या गाड्या आणि सुरूर फाट्यावर वाई-महाबळेश्वरकडून उतरणारे पर्यटक एकाच वेळी हायवेला येतात. मग खंबाटकी घाट, खेड-शिवापूरचा टोल, नवले पूल, प्रत्येक ठिकाणी रांग. सांगलीकरांच्या मागं तर पेठ नाक्यापासूनचा कंटाळा आधीच असतो.

दुसरं घराचं. आठवड्याच्या वर बंद राहिलेलं घर कुलूप काढलं की लगेच चालू होत नाही. न्हाणीच्या जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं. ड्रममध्ये पाणी उरलं असेल तर अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय गावाकडची पोती. रविवारी रात्री अकराला दाराआड टेकवली की ती पुढच्या शनिवारपर्यंत तिथंच.

माहेरवाशीण
तुम्ही सांगितलेली घराची कामं जाण्याआधी अर्ध्या तासात होतात. ती केली नाहीत म्हणून आईच्या वाट्याचा एक दिवस कापायचा? ड्रम उपडा घाला. न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडं तेल सोडा, पाणी लवकर आटत नाही. गॅसचा रेग्युलेटर बंद. फ्रीज बंद करणार असाल तर पुसून, दारात टॉवेलाची घडी अडकवून उघडा ठेवा, नाहीतर बुरशी धरते. चालू ठेवणार असाल तर वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे बराच वेळ लाइट गेली होती असं समजा आणि फ्रीजरमधलं टाकून द्या.

रस्त्याचा प्रश्नही दिवसाचा नाही, वेळेचा आहे. रविवारी पहाटे पाचला साताऱ्यातून निघा, आठच्या आत पुण्यात. शनिवारची रात्र पदरात पडते आणि रविवारही हाताशी राहतो.

हिशेबनीस
पहाटे पाचला? पोरं, पोती, आजीचे निरोप, आणि शेवटच्या घटकेला "थांब, शेवग्याच्या शेंगा काढून देते". सातच्या आत कोणाची गाडी अंगणातून हललेली नाही.

मला तर दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. म्हातारी माणसं वर्षभर ज्या कामांसाठी तुमची वाट बघतात ती शनिवार-रविवारी होतच नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, तलाठी कार्यालय तर दर शनिवारी बंद. केवायसी, पासबुक, सातबाऱ्यावरची वारसनोंद, सगळं कामाच्या दिवसाचं. नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला असतो, तोही दिवाळीच्या सुट्टीतच आठवतो. रजा टाकायचीच तर सोमवारची टाका. सकाळी अकरापर्यंत बँक उरका, जेवून निघा. हायवे मोकळा.

कृष्णाकाठ
हिशेबनीस, दाखल्यासाठी बँकेत जायची गरज उरलेली नाही. जीवन प्रमाण ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं फेस आरडी ॲप मोबाइलवर घेतलं की चेहरा दाखवून घरीच होतो. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, पेन्शन जमा होणारा खाते नंबर आणि मोबाइल एवढं जवळ ठेवा. फसतं ते दोनच ठिकाणी. पीपीओचा एखादा आकडा चुकला की दाखला नामंजूर होतो. आणि अंधाऱ्या माजघरात बसवून फोटो काढला की चेहरा जुळत नाही. ओसरीत उजेडाकडं तोंड करून बसवा, चष्मा काढा.

वारसनोंदीसाठी मात्र सोमवार लागतोच, ते मान्य.

लालपरी
चर्चा सगळी गाडीवाल्यांची चाललीय. एसटीनं आणि रेल्वेनं जाणाऱ्याला वार निवडायची चैन नसते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. दिवाळीनंतरच्या रविवारची कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेस हवी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच तारीख मोजून ठेवावी लागते. सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. पोत्यांसकट रिक्षाचं भाडं धरा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं बायामाणसं एसटीच पकडतात, त्यामुळं रविवारी सातारा स्टँडवर स्वारगेटच्या विनाथांबा गाडीची रांग बघवत नाही. शनिवारी दुपारी तीच गाडी निवांत मिळते. माझं मत कृष्णाकाठांना.

पिठाची गिरणी
पोत्यांबद्दल कोणीच नीट बोललं नाही, म्हणून. दाराआड आठवडा राहिली तर ज्वारी-गव्हाला काही होत नाही, धान्य वाळलेलं असलं पाहिजे एवढंच. दाताखाली कट् करून फुटलं तर वाळलं, दबलं तर अजून दोन उन्हं द्या. नासतं ते पीठ. गिरणीतून गरम पीठ थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतात, आत घाम धरतो, गुठळ्या होतात, दोन दिवसांत कुबट वास. परातीत किंवा धोतराच्या कापडावर पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा. बाजरीचं पीठ तर आठवड्याच्या पुढं कडू होतंच, तिच्यात तेल जास्त. ती दाणाच न्या आणि चार-पाच दिवसांपुरती शहरात दळा. कांदा-लसूण चटणी बरणीत दाबून भरा, वर बोटभर तेल, आणि बरणी पिशवीत उभी. आडवी पडली की चादरीपासून पोरांच्या दप्तरापर्यंत सगळं लाल.

माहेरवाशीण
म्हणजे पोत्यांचा मुद्दा निकालात निघाला. राहिली शाळा. एक दिवस आधी आणून पोरांची झोप जाग्यावर येत नाही, कृष्णाकाठ. गावाकडं रात्री बारापर्यंत अंगणात, सकाळी नऊला उठणं. शनिवारी घरी आणलंत तरी रविवारी रात्री ती टक्क जागी. निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून गावातच रोज अर्धा तास लवकर उठवा, झोपायचं आपोआप मागं येतं. दुपारची झोप बंद. हे आजी-आजोबांना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर "झोपू दे गं, सुट्टीच आहे" म्हणून पांघरूण परत अंगावर.

कृष्णाकाठ
झोपेचं पटलं. पण ताई, डबा? सोमवारी सकाळी सहाला भाजी, दूध, गणवेशाला इस्त्री. रविवारी रात्री दहाला पोचलेल्या घरात यातलं काय असतं?

माहेरवाशीण
पहाटे निघाल्यावर रात्री दहाला कोण पोचतंय? आणि उशीर झालाच तर गावाकडच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोमवारच्या डब्याला चालते. भाकरी गार करून सुती फडक्यात बांधा, प्लॅस्टिकमध्ये नको. गणवेश जाण्याआधीच इस्त्री करून कपाटात.

हिशेबनीस
सोमवारची रजा टाकली असती तर दोघांनाही एवढं टंकावं लागलं नसतं.