लेकराचा ‘ताबा’ म्हणावं का?

उदगीर
तहसीलसमोर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. परवा एक बाई आली. नवऱ्यापासून वेगळी, माहेरी राहते. चार वर्षांचा मुलगा तिच्याजवळ होता. दिवाळीला नवरा त्याला गावी घेऊन गेला, भाऊबीजेनंतर आणून सोडतो म्हणाला, आणि आता फोन उचलत नाही. बाईचं वाक्य एकच : “लेकरू ठेवून घेतलंय वो त्यांनी.” मी अर्जात ‘अपहरण’ लिहिलं. वकीलसाहेबांनी लाल पेनानं खोडून ‘ताबा’ केलं. बाईला वाचून दाखवलं तर म्हणती, “ताबा पलाटाचा असतो की.” मला काही बोलता येईना. नेमका शब्द कोणता?

छत्रपती संभाजीनगर
मीही वकील आहे. लाल पेन बरोबर चाललं, दादा. ‘अपहरण’ लिहिलं की कागद फौजदारीकडं वळतो. जुन्या दंड संहितेच्या मराठीत ‘अपनयन’ आणि ‘अपहरण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. कायदेशीर पालकाच्या रखवालीतून अल्पवयीनाला नेणं ते अपनयन. जबरदस्तीनं किंवा फसवून कुणालाही, मग तो कितीही वयाचा असो, नेणं ते अपहरण. आता बाप स्वतःच नैसर्गिक पालक. कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर त्याच्यावर हा गुन्हा लागत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये म्हटलंय. पोलीस ठाण्यात “घरगुती मामला आहे, कोर्टात जा” असं ऐकवतात त्याच्या मुळाशी हेच आहे. सांगण्याची तऱ्हा मात्र सुधारायला हवी.

राहिली दिवाणी वाट. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम २५, म्हणजे पाल्य पालकाकडं परत देण्याचा हुकूम. निकाल लागेपर्यंत कलम १२ खाली अंतरिम आदेश मागता येतो, मूल कोर्टापुढं हजर करायलाही लावता येतं. अर्ज कुठं करायचा, तर मूल नेहमी राहतं त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात, कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथं. चार दिवस गावी नेऊन ठेवलं म्हणून ते गाव ‘नेहमीचं’ होत नाही. शिवाय हिंदू असतील तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडंच असावं. हे सगळं मागणं म्हणजे ‘दाद मागणं’. ‘उपाययोजना’ लिहू नका, ती डासांवर करतात.

परभणी
वकीलसाहेब, ‘ताबा’बद्दल त्या ताईच खऱ्या. शब्द अरबी ‘ताबे’वरून आला, अर्थ मागं चालणारा, हाताखालचा. ‘ताबेदार’ त्याचाच भाऊ. मी उर्दूचा निवृत्त शिक्षक. आमच्या शरीयतीत दोन शब्द वेगळे ठेवलेत. लग्न, मालमत्ता असले निर्णय घेणारा तो वली, आणि लेकराला सांभाळणं ती हिजानत. सुन्नींच्या हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत ती आईकडं असते. हिजानतच्या मुळाशी जो अरबी शब्द आहे त्याचा अर्थ कूस, छाती. कुशीत घेणं! निजामाच्या राज्यातला इतका उर्दू कारभार आपण १९४८ पर्यंत पाहिला. दावा, वकील, हुकूम सगळं ठेवून घेतलं आणि हा एवढा शब्द तेवढा सांडला.

औसा
मी तलाठी होतो. सातबाऱ्यावर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ असं लिहायचो. अज्ञान पालनकर्ता. बघा गंमत, जमिनीच्या कागदात लेकराला ‘पालन’ मिळालं आणि लेकराच्या कागदात जमिनीचा ‘ताबा’ आला.

नांदेड
भाषांतरं करते, म्हणून थोडं. दादा, तुमच्या बाईनं वापरलेला शब्द हेग कराराला तंतोतंत बसतो. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेल्या मुलांसाठीचा, २५ ऑक्टोबर १९८० चा हा आंतरराष्ट्रीय करार दोन चुका मानतो : मूल चुकीच्या रीतीनं नेणं आणि चुकीच्या रीतीनं ठेवून घेणं. दुसरीसाठी मी आधी ‘प्रतिधारण’ लिहायचे, आता लाज वाटते. न्यायला हरकत नव्हती, परत पाठवायच्या दिवशी पाठवलं नाही, चूक तिथून सुरू होते. त्या दिवसापासून वर्षाच्या आत अर्ज आला तर सोळा वर्षांखालचं मूल, मोजके अपवाद सोडता, त्याच्या नेहमीच्या देशात परत पाठवायचं. मूल कुणाकडं राहावं हे मग तिथलं कोर्ट ठरवतं.

भारत या करारात नाही. २००९ मध्ये विधी आयोगानं सामील व्हा म्हणून शिफारस केली होती. त्यामुळं अमेरिकेहून मूल नांदेडला आणलं तर मागं राहिलेला पालक इथल्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीची याचिका करतो. ‘देहोपस्थिती’ शब्द पंचनाम्यासारखा वाटतो, पण असो. तिकडचा हुकूम असला तरी तो विचारात घेण्याच्या बाबींपैकी एक, मुलाचं हित आधी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. हित पाहणारच असेल तर ‘ताबा’ऐवजी ‘सांभाळ’ लिहायला काय हरकत आहे?

छत्रपती संभाजीनगर
ताई, हरकत नाही, पण मथळ्यात ‘ताबा’ राहू द्या. कारकून तोच शोधतो. मजकुरात ‘स्वाधीन करावे’ चालतं.

उदगीर
सगळ्यांचे उपकार. मथळा साहेबांचा ठेवला. आत असं लिहिलं : “दिवाळीच्या सुट्टीपुरता नेलेला मुलगा गैरअर्जदाराने ठरल्या दिवशी परत न पाठवता ठेवून घेतला आहे. त्यास सांभाळासाठी अर्जदार आईच्या स्वाधीन करण्यात यावे.” बाईला वाचून दाखवलं. ‘ठेवून घेतला’वर मान हलवली. मग म्हणाली, “ठरल्या दिवशी असं मोघम नका लिवू भाऊ. भाऊबीजेचा दुसरा दिवस. मी स्टँडवर तीन गाड्या बघितल्या.” तारीख घातली. गाड्यांचं वकीलसाहेबांना विचारून घालतो.